वर्दीच्या खिशातला कागद

अकोला सुटलं की बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम आणि मग बडनेरा. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, एक्सप्रेसला तासभर पुरे. या तासाभरात स्लीपरच्या डब्यातून किती तऱ्हेची अधिकाराची माणसं जाऊ शकतात? काळा कोट घातलेला टीसी. खांद्याला बंदूक लावलेले आरपीएफचे दोन जवान. लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे जीआरपीचा हवालदार. एखाद्या वेळी सुट्टीवर निघालेल्या फौजींची कागदपत्रं पाहणारा लष्करी पोलीस. शेवटच्या डब्यात हिरवी-लाल झेंडी घेऊन बसलेले गार्डसाहेब, ज्यांचं पद जानेवारी २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झालं आहे. आणि एखाद्या रात्री यांच्यापैकी कोणीच नसलेला, पण यांच्यासारखाच दरडावून बोलणारा भामटा.

प्रवासी या सगळ्यांना एकाच नजरेनं पाहतो. खिडकीजवळचा बाजूच्याला विचारतो, ‘‘कोन होय गा तो?’’ आणि बाजूचा पांघरूण ओढत म्हणतो, ‘‘असन कोनी सायेब.’’ तिकीट मागितलं, तिकीट दिलं. बॅग उघडा म्हटलं, उघडली. खाली उतरा म्हटलं, उतरले. मागणाऱ्याजवळ तसं मागण्याचा अधिकार आहे का, तो कोणत्या कायद्यानं दिला आणि कुठं संपतो, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. विचारणारा ‘जास्त शहाणा’ ठरतो.

मला या प्रश्नाचं महत्त्व पटलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या आगगाड्यांबद्दल वाचताना. त्या गाड्यांत फिरणाऱ्या पहारेकऱ्यांच्या हाती कागद तपासण्याचा अधिकार होता, आणि त्या अधिकारानं पुढं काय रूप घेतलं हे कळल्यावर आपल्या विदर्भ, सेवाग्राम, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढणाऱ्या माणसांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. रात्री दोन वाजता हरवलेलं पोर सांभाळून ठाण्यात बसवणारे आणि गाडीखाली जाणाऱ्या म्हातारीला ओढून काढणारे हात त्यांचेच आहेत. पण त्यांच्या हाती नेमकं काय दिलंय, हे डब्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली वाट मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची ओढ लागली होती. खामगाव आणि अमरावती ही कापसाची मोठी पेठ. म्हणून १८७० मध्ये जलंबहून खामगावला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे काढले गेले. गाठी आल्या, मालधक्के आले, गोदामं आली, आणि त्यांच्या मागोमाग चोऱ्या आल्या. हरवलेल्या गाठीची भरपाई कंपनीला द्यावी लागे. पहारेकरी नेमला गेला तो मालासाठी. प्रवाशाचा विचार त्यात फारसा नव्हता, आणि हे मूळ लक्षात ठेवलं तर पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

त्या काळचा कारभारही विलक्षण गुंतागुंतीचा. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं होतं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि त्यावर देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. बोदवड सोडून गाडी मलकापूरला आली की मुंबई इलाखा संपे आणि वऱ्हाड लागे. धामणगावच्या पुढं वर्धा नदीचा पूल ओलांडून पुलगाव आलं की मध्य प्रांत. एका रात्रीच्या प्रवासात तीन कारभार. १९०२ च्या करारानं निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं, तेव्हा यातली एक सीमा पुसली गेली. पण चालत्या गाडीवर हुकूम कोणाचा, हा प्रश्न तिथून आजवर काही सुटलेला नाही.

तो सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८७२ च्या रेल्वे पोलीस समितीनं केला. पोलिसांचे दोन भाग करा, असं समितीनं सुचवलं. गुन्ह्यांचा तपास आणि सुव्यवस्था सरकारी पोलिसांनी पाहावी. मालाची राखण कंपनीनं आपल्या पगारी पहारेकऱ्यांकडून करून घ्यावी. १८८२ च्या सुमारास ही वाटणी अमलात आली. कंपनीच्या पहाऱ्याला पुढं ‘वॉच अँड वॉर्ड’ म्हणू लागले. जुनी माणसं अजूनही ‘वॉचवार्डवाले’ म्हणतात ते यांनाच.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं ही वाटणी जशीच्या तशी ठेवली. रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे. पोलीस मात्र राज्याच्या सूचीत, आणि तिथं कंसात रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून अकोला स्थानकावर दोन पाट्या दिसतात. एक रेल्वे सुरक्षा दलाची, म्हणजे आरपीएफची. हे केंद्राचं दल. दुसरी लोहमार्ग पोलीस ठाण्याची. हे महाराष्ट्र पोलीस, नागपूरच्या लोहमार्ग पोलीस अधीक्षकांच्या हाताखालचे. बडनेऱ्यालाही तसंच. दोघांची वर्दी खाकी. दोघांच्या हाती काठी किंवा बंदूक. पण दोघांचे अधिकार निराळे, वरिष्ठ निराळे, आणि तक्रार करायची दारंही निराळी. अकोल्यात तर आणखी एक पदर आहे. मुंबई-हावडा मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचा, तर पूर्णेकडून येऊन अकोटकडे जाणारा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाचा. एकाच स्थानकात दोन रेल्वे नांदतात.

आता त्या कागदाकडे येऊ.

रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा १९५७ चा. त्याच्या सातव्या कलमात एक तरतूद आहे, जी प्रवाशांना तर सोडाच, वकिलांनाही फारशी आठवत नाही. दलात नेमणूक झालेल्या प्रत्येक जवानाला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी एक प्रमाणपत्र मिळतं. त्याचा मजकूर कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे. अमुक व्यक्तीची या दलात नेमणूक झाली असून दलाच्या सदस्याचे अधिकार, कर्तव्यं आणि सवलती तिला प्राप्त झाल्या आहेत, एवढाच त्याचा आशय. दोन-तीन ओळींचा कागद. पण कायदा सांगतो की अधिकार या कागदामुळे येतात. वर्दी शिंप्याकडे मिळते, पट्टा दुकानात मिळतो, शिट्टी फुटपाथवर मिळते; अधिकार त्या शिक्क्याबरोबर येतो. आणि ज्या क्षणी माणूस दलातून बाहेर पडतो, मग तो निवृत्त होऊन असो की बडतर्फ होऊन, त्या क्षणी कागद निर्जीव होतो. तो परत करावा लागतो.

महाराष्ट्र पोलिसांतही हीच रीत आहे. निरीक्षक आणि त्याखालच्या प्रत्येक पोलिसाला नेमणुकीचं प्रमाणपत्र मिळतं; ही प्रथा १८६१ च्या पोलीस कायद्यापासूनची. इंग्रजांनी हे काही आपल्या प्रेमापोटी केलं नाही. पगारी माणसाला बेबंद अधिकार दिले तर तो धन्यालाही जुमानत नाही, हे त्यांना कळत होतं. कारण काहीही असो, त्यातून एक चांगलं तत्त्व आपल्या हाती आलं: बळ वापरणाऱ्याजवळ लेखी नेमणूक हवी, आणि तिच्यावर नेमणाऱ्याची सही-शिक्का हवा.

आरपीएफच्या जवानाला या कागदानं काय मिळतं? रेल्वेच्या मालमत्तेची चोरी किंवा नासधूस करणाऱ्याला, तसा सबळ संशय असलेल्याला, कर्तव्यावरच्या रेल्वे कर्मचाऱ्याला मारहाण करणाऱ्याला तो वॉरंटशिवाय पकडू शकतो. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २००४ च्या जुलैपासून लागू झाली. तोवर दलाचं काम रेल्वेची मालमत्ता राखणं एवढंच होतं. या दुरुस्तीनं ‘प्रवासी’ हा शब्द दलाच्या कर्तव्यात पहिल्यांदा आला. नागपूरला पहिली गाडी आली १८६७ मध्ये. कापसाच्या गाठीला राखणदार मिळाला आणि माणसाला मिळायला १३७ वर्षं गेली, हे मला फार बोचतं.

त्याच दुरुस्तीनं रेल्वे कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची चौकशी आरपीएफकडे आली. विनाकारण साखळी ओढणं, महिलांच्या डब्यात पुरुषांनी घुसणं, रूळ ओलांडणं, दारू पिऊन धिंगाणा, विनापरवाना फेरीवाले. पण दंड किती, हे ठरवतो न्यायदंडाधिकारी. फलाटावर किंवा डब्यात कोणी जवान ‘दोनशे दे अन् जा’ म्हणत असेल, तर त्या दोनशे रुपयांना कायद्यात जागा नाही.

त्याहून महत्त्वाचं चौदावं कलम. आरपीएफनं या कायद्याखाली पकडलेला माणूस विनाविलंब पोलिसांच्या हवाली करायचा, पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यात न्यायचा. म्हणजे बंदूकवाल्या जवानाच्या हाताला कायद्यानं दुसऱ्या हाताची गरज ठेवली आहे. प्रवाशाची बॅग चोरीला गेली, मारामारी झाली, खून झाला, तर तपास जीआरपीचा. गाडी उलथवण्यासाठी रुळांवर काही ठेवणं असा घातपाताचा गंभीर गुन्हाही पोलिसांकडेच.

इथं एक बारकावा आहे. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही, हे सिनेमामुळे पुष्कळांना माहीत असतं. पण रेल्वेच्या मालाची चोरी असेल तर १९६६ चा वेगळा कायदा लागतो, आणि त्याखाली चौकशी करणारा आरपीएफचा अधिकारी पुराव्याच्या कायद्यापुरता ‘पोलीस अधिकारी’ ठरत नाही. १९८० मध्ये बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. परिणाम असा, की त्याच्यापुढं नोंदवलेला जबाब पुढं आरोपीविरुद्ध उभा राहू शकतो. मालधक्क्यावर लोखंडाचा एखादा तुकडा उचलल्याच्या संशयावरून पकडलेल्या हमालाला हे कोण सांगणार? त्याला समोर खाकी दिसते आणि ‘पोलिसापुढं बोललेलं धरत नाहीत’ एवढी ऐकीव माहिती त्याच्याजवळ असते. कायदा जाणणाऱ्यांनी सोडवावं असं हे काम आहे, आणि कामगार संघटनांनी तरी ते अंगावर घ्यायला हवं.

जर्मनीकडे वळतो, कारण कागद आणि अधिकार यांची सांगड तुटली की काय होतं ते तिथं स्पष्ट दिसतं.

जर्मन सैनिकाच्या छातीच्या खिशात ‘झोल्डबुख’ नावाचं छोटं पुस्तक असे. मुळात ते पगाराचं पुस्तक. त्यात नाव, हुद्दा, पलटण, रक्तगट, टोचलेल्या लसी, मिळालेले कपडे, गॅसपासून बचावाच्या मुखवट्याचं माप, घेतलेली रजा, सगळं लिहिलेलं. युद्ध सुरू झाल्यावर तेच ओळखपत्र ठरलं. पुढं त्यात फोटोही चिकटवला जाऊ लागला. घरी निघालेल्या सैनिकाजवळ याखेरीज रजेचा कागद हवा, कामावर निघालेल्याजवळ प्रवासाचा हुकूम हवा. रजेवर जाणाऱ्यांसाठी आघाडीपासून मायदेशापर्यंत खास गाड्या धावत. त्या गाड्यांत आणि स्थानकांवर लष्कराची गस्त असे. गाड्यांसाठी ‘त्सुगवाखे’ म्हणजे आगगाडीचा पहारा, आणि त्यांच्या स्वतंत्र तुकड्या. गस्तीवाला आपल्या कामाचं वेगळं ओळखपत्र बाळगी. पहाऱ्यावरच्या पुष्कळांच्या गळ्यात साखळीला लटकवलेला धातूचा अर्धचंद्राकार पट्टा असे. लष्करी पोलिसांच्या या साखळीवरून सैनिकांनी त्यांना ‘साखळीतली कुत्री’ असं नाव दिलं होतं. तुच्छता आणि भीती दोन्ही त्या नावात आहेत.

सुरुवातीला काम साधं होतं. कागद पाहणं, गोंधळ आवरणं, चुकलेल्याला त्याच्या पलटणीकडे धाडणं. युद्ध हरू लागल्यावर तोच पहारा पळपुट्यांच्या शोधाला लागला. १९४३ च्या नोव्हेंबरात हिटलरच्या हुकुमानं ‘फेल्डयेगर’ नावाची नवी दलं उभी राहिली. दंडावर लाल पट्टी. थेट सर्वोच्च मुख्यालयाचा अधिकार. मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यालाही अडवण्याची मुभा. १९४५ च्या मार्चमध्ये फिरती लष्करी न्यायालयं आली. रजेच्या कागदावर शिक्का नाही, तारीख उलटली, पलटण कुठं आहे ते सांगता येत नाही, एवढ्यावर माणसाचा जीव जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं आपल्या ४८ सैनिकांना मृत्युदंड दिला होता. दुसऱ्यात लष्करी न्यायालयांनी सुनावलेल्या फाशीच्या शिक्षा इतिहासकार ३० हजारांच्या घरात मोजतात, आणि त्यातल्या बहुतेक अमलात आल्या. पळून गेलेल्यांवरचे ते निकाल जर्मन संसदेनं रद्द केले २००२ मध्ये. तोवर त्या घरांवर ‘पळपुट्याचं घर’ हा शिक्का कायम होता.

पहाऱ्याचं आणखी भयंकर रूप सैनिकांच्या गाड्यांत नव्हतं. डिसेंबर १९४१ मध्ये ड्युसेलडॉर्फहून रीगाकडे १००७ ज्यूंना घेऊन एक गाडी निघाली. तिच्या पहाऱ्याचा प्रमुख पोलीस कॅप्टन पॉल झालिटर. प्रवास संपल्यावर त्यानं वरिष्ठांना सविस्तर अहवाल दिला. तो आज उपलब्ध आहे. गाडीला झालेला उशीर, गोठवणारी थंडी, पहारेकऱ्यांच्या डब्यातल्या गैरसोयी, स्थानकावरच्या अधिकाऱ्यांशी झालेले वाद, सगळं नीट टिपलेलं. त्याचे कागद चोख होते. नेमणूक चोख होती, हुकूम चोख होता. सही-शिक्क्याचा कागद पुरेसा नसतो हे मला त्या अहवालानं शिकवलं. कागदावर अधिकाराची हद्द लिहिलेली हवी आणि हद्द ओलांडणाऱ्याला जाब विचारणारं कोणी हवं. तिथं अशी हद्दच उरली नव्हती.

आपल्या लष्करी पोलिसांची हद्द १९५० च्या सैन्य कायद्यात लिहिलेली आहे. प्रोव्होस्ट मार्शल आणि त्याच्या हाताखालचे लोक सैनिकाला पकडू शकतात, खटल्यासाठी ताब्यात ठेवू शकतात. पण आपल्या मर्जीनं कोणतीही शिक्षा देऊ शकत नाहीत. हे कलम क्रमांक १०७. त्याच्या थोडं आधीचं १०५ वं कलम तर थेट रेल्वेच्या डब्याशी जोडलेलं आहे. पळून आलेला किंवा परवानगीशिवाय प्रवास करणारा सैनिक असल्याचा रास्त संशय असेल, तर साध्या पोलिसालाही तो वॉरंटविना पकडता येतो. मात्र लगेच दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. जर्मन पहारेकऱ्याजवळ होता तोच संशय, त्याच प्रकारची गाडी, तशीच अपुरी कागदपत्रं. फरक त्या ‘लगेच दंडाधिकाऱ्यापुढं’ या अटीत आहे. बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या गावोगावची पोरं फौजेत आहेत. रजेवर येताना त्यांच्याजवळ ओळखपत्र, रजेचा दाखला आणि रेल्वेचं वॉरंट किंवा सवलतीचा फॉर्म असतो. नागपूरसारख्या मोठ्या स्थानकावर त्यांच्यासाठी एमसीओचं, म्हणजे फौजींच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारं, कार्यालय असतं. बडनेऱ्याला पहाटे उतरून तिवस्याची किंवा चांदूर बाजारची एसटी पकडणाऱ्या जवानाला ही कलमं माहीत असोत-नसोत, ती त्याचं रक्षण करत असतात.

आपल्याकडे लिहिलेली हद्द नेहमी पाळली जाते असं मी म्हणणार नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या एक्सप्रेसमध्ये, पालघरच्या आसपास, पहाऱ्यावरच्या आरपीएफ शिपायाच्या सरकारी बंदुकीतून गोळ्या सुटल्या. त्याचाच वरिष्ठ सहकारी असलेला सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी मरण पावले. शिपायाला अटक झाली, तो बडतर्फ झाला, त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. न्यायालय काय ते ठरवील. पण त्या प्रवाशांना वाचवू शकेल असं डब्यात त्या वेळी काहीच नव्हतं. भरलेली बंदूक घेऊन रात्रभर जागणाऱ्या माणसाची मानसिक तपासणी, पुरेशी झोप, सुट्टी, हे विषय त्या घटनेनंतर चर्चेत आले आणि चर्चा विरली. वऱ्हाडातून रोज रात्री धावणाऱ्या गाड्यांतही असेच जवान असतात. त्यांच्या विश्रांतीचा प्रश्न हा प्रवाशांच्या सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि खासदारांनी तो संसदेत पुन्हा पुन्हा विचारावा.

डब्यात सर्वात जास्त गाठ पडते ती मात्र टीसीशी. रेल्वे कायदा, १९८९ चं ५४ वं कलम म्हणतं की तिकीट मागण्यासाठी ‘अधिकृत केलेला’ रेल्वे कर्मचारी लागतो. अधिकृत आहे की नाही हे कळायचं कसं? छातीवर नावाची पट्टी, खिशात रेल्वेचं ओळखपत्र, हाती पावतीपुस्तक किंवा आता आलेलं छोटं यंत्र. विनातिकीट सापडलात तर भाडं आणि त्यावर जादा आकार. तो भाड्याइतका किंवा २५० रुपये, जे जास्त असेल ते. प्रत्येक रुपयाची पावती मिळालीच पाहिजे. बनावट टीसी पकडल्याच्या बातम्या देशभरातून येत असतात, आणि या ठगांचं सावज ठरलेलं असतं. जनरलच्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढलेलं मजुराचं कुटुंब, परीक्षेला निघालेली पोरं, पहिल्यांदाच पुण्याला चाललेली माणसं. दिवाळीनंतर मेळघाटातून, मोर्शी-वरुडाकडून कामासाठी बाहेर पडणाऱ्यांचे जथे बडनेऱ्याच्या फलाटावर पाहा. आपली चूक झाली आहे ही धास्ती त्यांच्या मनात आधीच असते. समोरच्यानं आवाज चढवला की ते पैसे काढतात. पावती मागायचं धाडस त्यांना होत नाही. ‘‘पावती देजा जी सायेब,’’ एवढं एक वाक्य त्यांना शिकवलं तरी निम्मी लूट थांबेल.

दुसऱ्या बाजूला प्रवाशाकडून मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी वाढतेच आहे. ई-तिकिटाबरोबर मूळ फोटो ओळखपत्र. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी. काळाबाजार रोखायला हे लागतं, हे मान्य. पण आम्ही कोण ते रेल्वेला इतकं बारकाईनं कळत असेल, तर रेल्वेचा माणूस कोण ते आम्हालाही तितकंच सहज कळावं. टीसीच्या ओळखपत्रावर एक क्यूआर कोड छापला आणि तो प्रवाशाच्या फोनवर उघडला की नाव, हुद्दा आणि आजची ड्यूटी दिसली, तर भामट्यांचा धंदा मोठ्या प्रमाणात बसेल. यात न होण्यासारखं काय आहे?

अटक होत असेल, तर प्रश्न विचारण्याचा हक्क आणखी पक्का आहे. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पहिलाच नियम घातला: अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी हवी. अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवायला हवं. अटकेचा अधिकार असलेल्या इतर सरकारी यंत्रणांनाही हे नियम लागू केले गेले. पुढं ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमात ते आहेत. अंधारात, हलत्या डब्यात, जाकिटाखाली झाकलेली नावाची पट्टी या नियमात बसत नाही.

चोरी झाली तर काय करायचं, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. अकोल्यानंतर झोप लागली आणि बडनेऱ्याला जाग आली तेव्हा पिशवी गेलेली. लोक उतरून ठाण्यात जातात, गाडी सुटते, पुढचं सगळं बिघडतं. खरं म्हणजे तक्रारीचा छापील फॉर्म टीसीकडे, ट्रेन मॅनेजरकडे किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो. तो गाडीतच भरून द्यायचा, प्रवास चालू ठेवायचा. फॉर्म पुढच्या लोहमार्ग ठाण्यात दिला जातो, आणि हद्द दुसऱ्याची निघाली तर कागद तिकडे पाठवला जातो. ‘ही हद्द आमची नाही’ असं म्हणून तक्रार घ्यायला नकार देता येत नाही. १३९ या क्रमांकावर फोन केला की गाडीत असलेल्या पहाऱ्यापर्यंत निरोप पोचतो.

बायांच्या बाबतीत रेल्वे कायद्याचं १३९ वं कलम प्रत्येक घरात माहीत असायला हवं. तिकीट नसलं, पैसेही नसले, तरी सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा लेकराला वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, आणि तेही दिवसाउजेडी. म्हणजे रात्री अकरा वाजता कुरूमला किंवा बोरगावला एकट्या बाईला खाली उतरवणारा टीसी कायदा मोडतो, मग तिच्याजवळ तिकीट असो वा नसो. आषाढीला नवीन अमरावतीहून आणि खामगावहून पंढरपूरच्या विशेष गाड्या सुटतात, तेव्हा त्यात एकेकट्या वारकरी बाया शेकड्यांनी असतात. घोळक्यापासून तुटलेली, तिकीट दुसऱ्याजवळ राहिलेली म्हातारी दरवर्षी कुठं ना कुठं रडताना दिसते. तिला या कलमाबद्दल कोणीतरी सांगावं.

शकुंतला नावाची छोटी गाडी चालू होती तेव्हा यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या त्या अरुंद रुळांवर मोजकेच कर्मचारी तिकीट देणं, फाटक लावणं, सिग्नल पाहणं, सगळी कामं करत. स्टेशनवरचा प्रत्येक माणूस त्यांना नावानं ओळखे. तिथं ओळखपत्राचा प्रश्न उद्भवत नव्हता. पण मुंबई-हावडा मार्गावर हजार-दीड हजार माणसं घेऊन धावणाऱ्या गाडीत अशी ओळख शक्य नाही, आणि म्हणूनच लिहिलेली ओळख हवी.

प्रत्येक डब्यात धोक्याची साखळी आहे. तिच्याशेजारी पाटी आहे: योग्य कारणाशिवाय ओढल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद. प्रवाशाला काय केल्यानं शिक्षा होईल हे रेल्वेनं ठळक अक्षरांत लिहिलं. त्याच भिंतीवर आणखी एक पाटी लावायला हवी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत: तिकीट कोण मागू शकतो, पैसे कोण घेऊ शकतो, पावतीशिवाय काय देऊ नये, अटक कोण करू शकतो आणि नंतर तुम्हाला कुठं नेलं पाहिजे, रात्री कोणाला उतरवता येत नाही, तक्रारीचा फॉर्म कोणाजवळ आहे. भुसावळ आणि नागपूर या दोन्ही विभागांत प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत. अकोला, अमरावती, बडनेऱ्याच्या प्रवासी संघटनांनी पुढच्या बैठकीत गाड्यांच्या थांब्यांच्या मागणीबरोबर ही मागणीही लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.